पाण्याची परतवाट

नरकचतुर्दशीची पहाट आणि तांब्याचे भाण यांचे नाते आमच्या पेडणे महालात फार जुने आहे. आदल्या संध्याकाळी न्हाणीतले भाण चिंचेने घासून लख्ख करावयाचे, त्याच्या गळ्यात कारिटाच्या वेलाची नि झेंडूची माळ घालावयाची, विहिरीचे पाणी शेंदून ते काठोकाठ भरावयाचे आणि पहाटे चुलीत नारळाची सोडणे सारून अवघ्या घराने अभ्यंगस्नान उरकावयाचे, हा क्रम पार्से गावच्या आमच्या घरात आम्हांस कळू लागल्यापासून चालत आलेला. भाणातले पाणी तांब्याने घ्यावे, अंगावर ओतावे आणि ते मोरीवाटे माडांच्या बुंध्याशी जावे. एकदा भाणात पडलेले पाणी पुन्हा विहिरीत जाऊन मिळाल्याचे कोणी कधी ऐकले नव्हते. पाणी उलट्या पावली माघारी जाऊ शकते, हा विचारच मुळी त्या न्हाणीत कोणाच्या मनात आला नाही.

तो विचार करण्याची पाळी आमच्यावर तीन वर्षांपूर्वी आली. त्याची हकीकत बृहन्महाराष्ट्रातील वाचकबंधुभगिनींस सांगावी असे फार दिवस मनात होते. गिझर आता इंदूर-ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीत आहे, बडोद्याच्या वाड्यात आहे, तसा आमच्या खेड्यातही आहे. त्यामुळे आमची फजिती ही एकट्या आमची नव्हे.

त्या वर्षी कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. माडीवरची खोली तिला दिली आणि लगतच्या न्हाणीघरात पंचवीस लिटरांचा गिझर बसवावयाचे ठरले. आमच्या मातोश्रींस ही कल्पना रुचली नव्हती. "बाळंतिणीला चुलीवरचे पाणी हवे," असे त्यांचे म्हणणे. परंतु ऐंशी ओलांडलेल्या सासूने पहाटे चूल फुंकावी आणि सुनेने बादल्या माडीवर वाहाव्या, हे सौ.ना मान्य नव्हते. गिझर आला. बसविणाऱ्या कारागिराने विचारले, "पाणी गच्चीवरच्या टाकीतून द्यायचे, की थेट नळातून? टाकीचा जोर कमी पडेल, शॉवर नीट चालणार नाही." आम्ही मराठीचे एम. ए.; पाण्याच्या जोराविषयी आमचे ज्ञान ते काय असणार! जोर अधिक तो बरा, असे म्हणून आम्ही थेट नळातून जोड देण्यास संमती दिली. ज्या नळीतून स्वयंपाकघरात पिण्याचे पाणी येत होते, तिलाच फाटा फोडून माडीवरचा गिझर आणि गार-ऊन पाणी मिसळणारा मिक्सर जोडला गेला. मिक्सरला लवचीक नळीचा हॅण्ड शॉवर होता. बादली भरण्यास ती नळी फार सोयीची म्हणून सगळे खूष होते.

बाळ अकरा दिवसांचे झाले होते. आषाढातली संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस. कन्येने बाळाची दुपटी-लंगोट साबणाच्या व जंतुनाशकाच्या पाण्यात भिजत घातले होते आणि त्याच बादलीत हॅण्ड शॉवरची नळी सोडून दोन्ही नळ उघडून ठेवले होते. बादली अर्धी भरली आणि पाणी गेले. पावसाळ्यात असे होतेच. ती बाळाकडे वळली. नळ उघडे राहिले, नळी बादलीत बुडालेली राहिली.

थोड्या वेळाने खाली सौ.नी स्वयंपाकघरातला नळ उघडून त्याखाली कळशी लावली. पाणी येते की काय, हे पाहावे एवढाच हेतू. आणि पाणी आले! प्रथम बारीक धार, मग चांगली. "आले हो पाणी!" असे त्या आनंदाने म्हणाल्या आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी हात मागे घेतला. पाणी कोमट होते. कळशीत डोकावून पाहिले तो वर फेस, आणि जंतुनाशकाचा वास. त्याच कळशीतले पाणी उकळून ते बाळाच्या वाटी-चमच्यासाठी वापरले जाई. आमची मंडळी वाटीकडे आणि एकमेकांकडे पाहत राहिली. नळ तसाच उघडा राहिला आणि त्यातून बराच वेळ ऊन पाणी वाहत होते, हे गोंधळात कोणाच्या ध्यानी आले नाही.

दुसऱ्या पहाटे आम्हीच माडीवर जाऊन गिझरचे बटण दाबले. काही मिनिटांत करपल्याचा वास आला. गिझर आतून कोरडा होता. कॉइल जळून गेली होती. एका संध्याकाळी पिण्याचे पाणी बाटले, आणि एका पहाटे यंत्र गेले. दोहोंचे कारण एकच आहे, हे मात्र आम्हांस तेव्हा उमगले नाही.

ते उमगले शाळेत. आमच्या विद्यालयाच्या विज्ञानाच्या कपाटात पितळेचा एक जुना वसुदेवाचा पेला आहे. पुष्कळ मराठी घरांतून हे खेळणे असे. वडीलधाऱ्या वाचकांस ते आठवेल. पेल्याच्या मध्यभागी कृष्णाला घेतलेली वसुदेवाची मूर्ती. पेल्यात पाणी ओतीत जावे. यमुना चढत चढत बाळकृष्णाच्या पावलाला लागते आणि त्याच क्षणी ओसरू लागून सारा पेला रिता होतो. मुले टाळ्या पिटतात. चमत्काराचे मर्म मूर्तीच्या पोटात असते. तिथे एक वाकडी नळी आहे. तिचे एक तोंड पेल्याच्या तळाशी, वाकण कृष्णाच्या पावलाच्या उंचीवर आणि दुसरे तोंड पेल्याच्या बुडातून बाहेर. पाणी वाकणापर्यंत चढून नळी भरली, की पलीकडच्या लांब बाजूचे पाणी खाली ओढले जाते, बाहेरच्या हवेचा दाब मागच्या पाण्याला वर ढकलतो, आणि तळाचे तोंड उघडे पडून नळीत हवा शिरेपर्यंत ही ओढ थांबत नाही. यालाच आपण पाठ्यपुस्तकात वक्रनलिका म्हणतो. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीत अंकुशासारख्या वाकविलेल्या तांब्याच्या नळीचे वर्णन केले असून, कमळाच्या देठानेही पाणी असे ओढून काढता येते हे सांगितले आहे. कारागिरांमध्ये ती कुक्कुटनाडी म्हणून ओळखली जाई, असाही उल्लेख तेथे आहे. आम्ही हे वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो आणि स्वतःच्या माडीवर तीच कुक्कुटनाडी उभारून निर्धास्त झोपलो!

आता सारे स्पष्ट झाले. बादलीतली नळी हे वक्रनलिकेचे एक तोंड. मिक्सर हे वाकण. खालचा स्वयंपाकघरातला नळ हे दुसरे तोंड. रस्त्याच्या नळीतला दाब होता तोवर पाणी वर चढत होते. दाब गेला, खालचा नळ उघडला आणि पाण्याने दिशा बदलली. मिक्सरच्या गार बाजूने बादलीतले मळपाणी थेट खाली उतरले. ऊन बाजूने ते गिझरमधून गेले. बादली आटल्यावर नळीत हवा शिरली आणि मग गिझरमधले पाणी तळाच्या थंड पाण्याच्या वाटेने निथळून गेले. टाकी रिकामी झाली ती अशी. ऊन पाण्याचे नळ सगळे बंद असते तर आत हवा शिरली नसती. परंतु मग टाकीत पोकळी निर्माण होऊन पातळ पत्र्याची टाकी आत चेपण्याचे भय असते.

या प्रसंगी गिझरने आम्हांवर एक उपकारच केला. पाणी कोमट होते म्हणून सौ.चा हात मागे आला. तेच पाणी गार असते, फेस थोडा कमी असता, तर कळशी भरली असती आणि कोणास काही कळले नसते. उलट फिरलेले पाणी स्वतःची ओळख नेहमीच सांगत नाही. १९३३ साली अमेरिकेत शिकागो शहरी जागतिक प्रदर्शन भरले असता तेथे आमांशाची भयंकर साथ उद्भवली. सुमारे चौदाशे माणसे आजारी पडली आणि शंभराच्या आसपास दगावली. शोध घेता असे आढळले, की तेथील हॉटेलांच्या नळयोजनेत सदोष जोडांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होते. नळाला पाणी येते तेव्हा ते कोठून येते आहे हा प्रश्न तेथील पाहुण्यांच्याही मनात आला नसेल. आपल्याकडे तर नळाला दिवसातून ठराविक वेळच पाणी येते, म्हणजे नळीतला दाब रोज चढतो नि रोज उतरतो. त्यातच कोणी नळालाच थेट मोटार लावून पाणी खेचू लागला, तर शेजाऱ्यांच्या नळ्यांतही ओढ उत्पन्न होते. इंदूर, हैदराबादसारख्या शहरांतल्या वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

पुढची चूक आम्ही उपाय करताना केली. नवी कॉइल बसविताना कारागिरास म्हटले, "पाणी परत जाता कामा नये." त्याने थंड पाण्याच्या नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकमार्गी झडप, बसवून दिली. पाणी आत जाईल, बाहेर येणार नाही. आम्ही निश्चिंत झालो. परंतु दुसऱ्या दिवसापासून गिझर तापू लागला, की त्याच्या बुडाशी असलेल्या सुरक्षा-झडपेतून टप् टप् पाणी गळू लागले. भिंत ओली, फरशी निसरडी. बाळंतीण घसरली तर? आम्ही कारागिरास पुन्हा बोलावणे पाठविणार होतो, ते ती गळकी झडप काढून तेथे बूच ठोकण्यासाठी.

त्याच सुमारास आमचा एक माजी विद्यार्थी बाळाला पाहावयास आला. शाळेत असताना व्याकरणात कच्चा, परंतु पुढे औद्योगिक प्रशिक्षण घेऊन नळकामात चांगला तरबेज झालेला. त्याने बुचाची गोष्ट ऐकली आणि चहाचा कप खाली ठेवला.

"सर, ते बूच मारू नका. ती झडप बिघडलेली नाही. ती तुमचा जीव सांभाळते आहे."

मग त्याने आम्हांस शिकविले आणि आम्ही ऐकले. पाणी तापले की फुगते. पंचविसांपासून पासष्ट अंशांपर्यंत तापविले, तर पंचवीस लिटरांमागे सुमारे चारशे मिलिलिटर पाणी वाढते. जवळजवळ दोन पेले. पूर्वी हे वाढलेले पाणी थंड नळीत मागे सरकत होते. आता एकमार्गी झडपेने ती वाट बंद केली. नळ बंद, मागची वाट बंद. पाणी दबता दबत नाही. मग टाकीतला दाब झपाट्याने चढतो. सुरक्षा-झडप तेवढे थेंब बाहेर सोडून दाब उतरविते. तिलाच बूच ठोकले आणि एखाद्या दिवशी तापमान आवरणारा थर्मोस्टॅटही अडकून बसला, तर पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही कोंडलेलेच राहील. टाकी फुटताच त्याचा जो भाग वाफ होईल, तो आपल्या मूळ आकाराच्या सोळाशे पट जागा मागेल.

"पाण्याला मागे येऊ द्यायचे नाही, हे बरोबर, सर. पण त्याला श्वास घ्यायला जागा ठेवली पाहिजे," तो म्हणाला.

हे एक वाक्य आम्ही त्या दिवसापासून मनात जपून ठेवले आहे. वर्ग आवरण्याचे आमचे सारे आयुष्य गेले. मुलांना मागे वळू न देणाऱ्या शिस्तीचे आम्ही अभिमानी. त्या शिस्तीत श्वासाची जागा आम्ही किती वेळा ठेवली, हा प्रश्न आमच्याच विद्यार्थ्याच्या तोंडून, त्याच्या नकळत, आमच्यापुढे आला.

पुढील दोन दिवसांत त्याने आमच्या घरची व्यवस्था मुळापासून बदलली. ती येथे सविस्तर देतो. गृहिणींना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे थेट नळाचा आणि न्हाणीघराचा संबंधच त्याने तोडला. नळाचे पाणी आता दोनच ठिकाणी जाते: स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या नळाला आणि गच्चीवरच्या टाकीला. टाकीत पाणी सोडणारा बॉलकॉक टाकीच्या ओसंडण्याच्या नळीहून वर आहे; त्यामुळे टाकी कितीही भरली तरी त्याचे तोंड पाण्यात बुडत नाही. मध्ये हवेचे अंतर राहते. झडपा कालांतराने झिजतात, त्यांत कचरा अडकतो. हवेचे अंतर झिजत नाही. जाणकार या अंतरालाच सर्वांत भरवशाचा उपाय मानतात.

दुसरी गोष्ट, टाकीपासून गिझरला स्वतंत्र नळी दिली. तिच्यावर दुसरा कोणताही नळ नाही, म्हणून खालचा नळ उघडला तरी गिझर रिता होत नाही. मोठ्या इमारतींत एकाच उभ्या नळीवर सर्व मजल्यांचे फाटे असतात. तेथे फाटा गिझरच्या माथ्याहून वरच्या पातळीवर काढून मग खाली आणावा आणि त्या जोडीला हवेची वाट ठेवावी. नाहीतर गच्चीवरची टाकी संपताच खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडे वरच्यांचे गिझर नकळत उपसून घेतात.

तिसरी गोष्ट ही हवेची वाट. गिझरच्या ऊन पाण्याच्या नळीस एक उभा फाटा देऊन तो गच्चीवरच्या टाकीतील पाण्याच्या पातळीहून वर नेला आणि त्याचे उघडे तोंड खाली वळविले. या फाट्यावर नळ किंवा झडप कधीही बसवू नये. वाढलेले पाणी यात चढते. आणि ओढ उत्पन्न झालीच तर यातून हवा आत शिरून वक्रनलिका मोडते. फाटा थोडा अधिक उंच ठेवावा, कारण ऊन पाणी हलके असल्याने ते गार पाण्याहून किंचित उंच उभे राहते. तीन मीटरांमागे सुमारे पाच सेंटिमीटर. ऊन पाण्यासाठी साधी पी. व्ही. सी. नळी न वापरता उष्णता सोसणारी सी. पी. व्ही. सी. किंवा लोखंडी जस्ती नळी घ्यावी. ज्यांना थेट नळाच्या किंवा पंपाच्या दाबावरच गिझर चालवावा लागतो, त्यांना असा उघडा फाटा ठेवता येत नाही. त्यांनी गिझरसोबत येणारी सुरक्षा-झडप काढू नये. परत जाणारे पाणी अडविणे, अधिक दाब सोडणे आणि पोकळी झाल्यास हवा आत घेणे ही तिन्ही कामे करणारी झडप आता मिळते. तिच्या मुखाला एक लहान नळी जोडून ती उतरती मोरीपर्यंत न्यावी, म्हणजे भिंतही ओली होत नाही आणि ऊन पाणी कोणाच्या अंगावरही पडत नाही.

चौथी गोष्ट बिनपैशाची. हॅण्ड शॉवर खुंटीलाच टांगावा. बादलीत, टबात सोडून ठेवू नये. पाणी गेले की उघडे नळ आधी बंद करावे आणि गिझरचे बटणही. पाणी आल्यावर ऊन पाण्याचा नळ उघडून अखंड धार येते की नाही हे पाहावे, मगच बटण दाबावे. आणि रस्त्याचे पाणी बंद असताना खालच्या नळाला कधी कोमट पाणी आले, तर त्याचे कौतुक न करता ते ओतून द्यावे व जाणत्या कारागिरास बोलवावे.

नवी व्यवस्था झाल्यावर माडीवरच्या शॉवरची धार खरोखरच मंदावली. मातोश्रींना ते कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तांब्या कुठे गेला? तांब्याने आंघोळ करा." आम्ही हसलो; पण नंतर एक गोष्ट ध्यानात आली. त्यांच्या राज्यात पिण्याच्या घड्यात कोणी भांडे बुडवीत नसे. लांब दांड्याचे ओगराळे घड्याचे, आणि त्यातून पाणी वरून आपल्या भांड्यात घ्यावयाचे. ओगराळे खरकट्या भांड्यास टेकता कामा नये. आम्ही तरुणपणी याला जुनाट सोवळे म्हणून नाके मुरडीत असू. आमच्या विद्यार्थ्याने बॉलकॉकखाली राखलेले चार बोटांचे अंतर आणि मातोश्रींच्या ओगराळ्याचे अंतर यांत तत्त्वतः काय भेद आहे?

भेद एके ठिकाणी मात्र आहे, आणि तो शिक्षकाने सांगितलाच पाहिजे. वरून पाणी ओतण्याची ही रीत आपल्या समाजाने माणसांमध्ये अंतर ठेवण्यासाठीही वापरली. ओंजळ पुढे करणाऱ्याला लांबून पाणी वाढले गेले आणि तळ्याच्या काठाशीही येऊ दिले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. अंतर ठेवावयाचे ते मळपाणी आणि पिण्याचे पाणी यांत. माणसामाणसांत ठेवले, की ते विज्ञान उरत नाही.

आमची नात आता तीन वर्षांची झाली. दिवाळीला ती आली, की पहाटेचे पहिले पाणी अजूनही भाणातलेच असते. कारिटाची माळही असते. मागाहून माडीवर गिझर चालू होतो. गेल्या खेपेस आम्ही शाळेतला तो पितळी पेला दोन दिवसांसाठी घरी आणला होता. नातीने स्वतःच्या हाताने पाणी ओतले. कृष्णाच्या पावलाला पाणी लागले, पेला ओसरला, आणि तिने विचारले, "आजोबा, पाणी कुठे गेले?"

या घरात हा प्रश्न यापूर्वीच कोणीतरी विचारावयास हवा होता.